७७८ टक्के

जपानचा भातशेतकरी हा जगातला सर्वांत लाडावलेला शेतकरी आहे, असं मी कित्येक वर्षं वर्गात शिकवत आलो. कृषी अर्थशास्त्राच्या मास्तराला ते शिकवणं फार सोपं असतं. फळ्यावर ७७८ लिहायचं, पुढे टक्क्याची खूण काढायची आणि मुलांना विचारायचं, हे काय असेल? कुणी महागाई म्हणायचं, कुणी सावकाराचं व्याज. मग मी सांगायचो, बाहेरून येणाऱ्या तांदळावर जपान लावतो तो हा आयातकर. खरं तर तो किलोला ३४१ येन असा ठरलेला कर आहे. टक्केवारी ही एका जुन्या जागतिक भावाशी ताडून काढलेली, भाव बदलला की तीही बदलते. हे मला ठाऊक होतं. पण ३४१ येन म्हटलं की वर्ग ढिम्म असायचा आणि ७७८ टक्के म्हटलं की ताठ बसायचा. म्हणून मी टक्केच सांगत राहिलो. मी तेव्हा त्या मुलांना शिकवत कमी होतो, चिथावत जास्त होतो.

हा राग कुठून आला, ते सांगायला हवं. माझा जन्म निफाड तालुक्यातला, कांद्याच्या घरातला. वडिलांच्या सदऱ्यावर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला असायचा. शरद जोशींची भाषणं ऐकून आल्यावर ते आम्हा भावंडांना पुन्हा सगळं भाषण ऐकवत. शेतकऱ्याला सरकारचं काही नको, सरकारनं फक्त वाटेतून बाजूला व्हावं, हा आमच्या घरातला श्वास होता. लासलगावला माल नेऊन भाडं, हमाली, तोलाई वजा जाता शेतकऱ्याच्याच अंगावर पैसे निघाले, अशी उलटी पट्टी मी लहानपणी हातात धरून वाचली आहे. नव्वदच्या दशकात जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाला देशभरातले बहुतेक शेतकरी नेते विरोध करत होते, तेव्हा जोशी त्याच्या बाजूनं उभे राहिले. आमच्या घरात ती अभिमानाची गोष्ट होती. जग खुलं झालं की आमच्या कांद्याला भाव मिळेल, एवढं साधं ते होतं.

त्यामुळे जपान मला शत्रुपक्षातला वाटायचा. आमचं सरकार निर्यात अडवून आमचा भाव पाडतं आणि तिथलं सरकार आयात अडवून त्यांच्या शेतकऱ्याचा भाव चढवतं. १९७० पासून २०१८ पर्यंत जपाननं शेतकऱ्यांना भात पिकवू नका म्हणून पैसे दिले, भाव टिकावा म्हणून. तिथल्या धान्यशेतकऱ्याचं सरासरी वय सत्तरीला टेकलेलं, शेतं तुकड्यातुकड्यांची, साठ किलो तांदूळ पिकवायला सुमारे पंधरा हजार येन खर्च. एवढा तोटा करून हे लोक शेती करतात कशाला, आणि त्यांच्या हौसेची किंमत टोकियोतल्या मजुरानं आणि थायलंडच्या शेतकऱ्यानं का मोजावी, हा माझा प्रश्न होता. प्रश्न चुकीचा नव्हता. मी तो ज्या तोऱ्यात विचारायचो, तो तोरा चुकीचा होता.

मला युजिरो हायामी यांचं काम विद्यार्थिदशेपासून आवडायचं. १९३२ साली जन्मलेला हा जपानी अर्थशास्त्रज्ञ २०१२ मध्ये वारला. १९७१ मध्ये व्हर्नन रटन यांच्याबरोबर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी दाखवलं की ज्या देशात जमीन कमी तो बी आणि खत सुधारतो, जिथे माणसं कमी तो यंत्रं सुधारतो. पुढे १९८६ मध्ये किम अँडरसन यांच्याबरोबर त्यांनी शेतीला मिळणाऱ्या संरक्षणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. देश गरीब असतो तेव्हा शेतकरी पुष्कळ असतात, घरखर्चातला मोठा वाटा अन्नावर जातो, म्हणून सरकार भाव पाडून ठेवतं. देश श्रीमंत होतो तसे शेतकरी थोडे उरतात, अन्नावरचा खर्च कुणाला फारसा जाणवत नाही, आणि सरकार शेतकऱ्याला सांभाळू लागतं. निफाडचा कांदा आणि नीगाताचा तांदूळ या एकाच रस्त्यावरच्या दोन जागा आहेत, हे मी त्या अभ्यासातून शिकलो.

पण हायामींचं आणखी एक काम मी वाचून बाजूला ठेवलं होतं. १९१८ मध्ये जपानात तांदळाच्या भावावरून दंगली उसळल्या. तोयामा प्रांतातल्या कोळी बायकांपासून त्यांची सुरुवात झाली. त्यानंतर सरकारनं आपल्या ताब्यातल्या कोरियात आणि तैवानमध्ये भात वाढवला आणि तो स्वस्त तांदूळ जपानात आणला. शहरं शांत झाली. जपानी शेतकऱ्याचा भाव मात्र बसला आणि शेतीची वाढ थंडावली, असं हायामी आणि रटन यांनी मांडलं. म्हणजे आज ज्याला मी लाडावलेला म्हणत होतो, त्याच्या आजोबांनी आमच्यासारखीच उलटी पट्टी पाहिली होती. हे वाक्य माझ्या मनात तेव्हा उमटायला हवं होतं. उमटलं नाही, कारण ते माझ्या सोयीचं नव्हतं.

नीगाता प्रांतात मी गेलो तो उत्पादनखर्चाचा अभ्यास करायला. कोशिहिकारी या प्रसिद्ध भाताचा तो मुलूख. शहराभोवतालच्या मैदानाचा बराच भाग समुद्रसपाटीच्याही खाली आहे. कामेदा भागात दुसऱ्या महायुद्धानंतरही माणसं छातीएवढ्या चिखलात उभी राहून लावणी करत. १९४८ मध्ये कुरिनोकीचं पंपघर झालं, पाणी उपसून नदीत टाकायला लागले आणि मग ती जमीन खरी जमीन झाली. आजही पंप चालतात म्हणून ते मैदान कोरडं आहे. हे सगळं मी वहीत 'पार्श्वभूमी' म्हणून लिहून घेतलं आणि कामाला लागलो. माझ्याजवळ तक्ता होता: बियाणं, खत, औषध, यंत्रांचा घसारा, मजुरीचे तास. प्रत्येक शेतकऱ्याला तेच प्रश्न.

उत्तरेला मुराकामी भागात एका वयस्क शेतकऱ्याकडे गेलो. दुभाषी म्हणून तिथल्या विद्यापीठातला एक तरुण बरोबर होता. भात गुडघ्याला लागलं होतं. मजुरीच्या तासांवर आल्यावर त्यांनी बांधावरचं गवत कापण्याचे आणि चाऱ्या साफ करण्याचे जे तास सांगितले, ते मला अवाच्या सवा वाटले. मी दोनदा खात्री करून घेतली. इतका वेळ बांधावर? त्यांनी मला शेताच्या कोपऱ्यावर नेलं.

तिथे सिमेंटची एक पेटी जमिनीत बसवलेली होती, हातभर खोल. शेतातलं जास्तीचं पाणी त्या पेटीतून नळीवाटे बाहेरच्या चारीत जातं. त्यांनी वाकून आत हात घातला आणि नळीपुढे बसवलेली एक फळी वर काढली. फळीच्या मधोमध भोक होतं, साधारण पाच सेंटीमीटरचं. पाठीमागची नळी त्याच्या तिप्पट रुंद. मुसळधार पाऊस पडला की पाणी नळीच्या रुंदीनं धो धो जाण्याऐवजी या भोकातून सावकाश जातं आणि तेवढा वेळ शेतात तुंबून राहतं. भाताचं त्यानं काही बिघडत नाही, एखादा दिवस पाणी थोडं जास्त राहिलं तरी पीक सोसतं. मात्र बांध उंच आणि घट्ट लागतो. उंदीर-खेकड्यांची भोकं बुजवावी लागतात, आणि बांधावर गवत माजलं तर ती भोकं दिसत नाहीत. म्हणून कापणी.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. याचा तुम्हाला फायदा काय?

दुभाष्यानं विचारलं. म्हातारबुवा फळी हातात धरून माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, 'मला काही नाही. खालच्या गावात पाणी शिरतं.'

मी पुन्हा विचारलं. मग तुम्ही करता का? त्यांना वाटलं दुभाष्याचं काहीतरी चुकलं. त्यांनी तेच उत्तर, जरा सावकाश, पुन्हा दिलं. वर त्यांनी सांगितलं की आपलंही शेत कुणाच्या तरी खाली आहेच. एवढं बोलून त्यांनी फळी जागेवर बसवली आणि हात चारीतल्या पाण्यात धुतले.

या पद्धतीला तिथे 'ताम्बो दामु', म्हणजे भातखाचराचं धरण म्हणतात. २००२ मध्ये याच भागात, तेव्हाच्या कामिहायाशी गावात तिची सुरुवात झाली. खालच्या वस्तीनं वरच्या वस्तीला विनंती केली आणि वरच्यांनी मानली. नीगाता विद्यापीठातल्या संशोधकांनी पुढे त्यावर अभ्यास केले, नियम बसवले, आणि हळूहळू ती जपानभर पसरू लागली.

त्या रात्री खोलीवर बसून मी तक्ता भरला, आणि भरता भरता हात थांबला. बांधाचे तास कुठे लिहायचे? माझ्या तक्त्यात एकच जागा होती: भाताचा उत्पादनखर्च. मी आजवर प्रत्येक अभ्यासात हे तास तिथेच टाकत आलो होतो. म्हणजे खालच्या गावाची राखण करणाऱ्या माणसाची मेहनत मी त्याच्या तांदळावर चढवत होतो, आणि मग तांदूळ महाग झाला म्हणून त्यालाच अडाणी ठरवत होतो. त्याच्या शेतात दोन गोष्टी पिकत होत्या. एकीचं माप होतं, भाव होता, पोतं होतं. दुसरीचं काहीच नव्हतं. ज्याला भाव नाही त्याला मी शून्य धरलं, आणि त्या शून्याला शास्त्र म्हटलं.

मी काही वेळ स्वतःशी वाद घातला. याला बाह्यपरिणाम म्हणतात, हे मी वर्गात शिकवतोच. पाठ्यपुस्तकातलं उदाहरण ठरलेलं: मधमाश्या पाळणारा आणि फळबागवाला. मुलांना ते लिहून द्यायचं, परीक्षेत विचारायचं, आणि पुढच्या तासाला जपानच्या आयातकरावर बोलताना साफ विसरायचं. ठाऊक नसतं तर एक वेळ समजलं असतं. मला ठाऊक होतं, आणि तरीही फळ्यावर ७७८ लिहिताना त्याचा एकदाही विचार आला नाही. लहानपणी वडिलांच्या कडेला बसून कमावलेला राग मी शास्त्राच्या नावानं खपवत होतो. खरं म्हणजे हे ओळखायला मला जपानला जायची गरज नव्हती. आमच्या नाशिक-धुळे पट्ट्यात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर पाणी वाटून घेण्याची फड पद्धत शेकडो वर्षं चालली. पाटकरी पाणी वाटायचा, पाट साफ करायला सगळा फड उतरायचा. त्या कष्टांचा हिशेब कुठल्या उत्पादनखर्चात लागला? मीच कधी लावला नाही.

इथे थांबलो असतो तर एक अंधश्रद्धा टाकून दुसरी धरली, असं झालं असतं. परत आल्यावर मी जपानी कृषी खात्याची बाजू नव्यानं वाचली. १९९९ च्या अन्न, शेती आणि ग्रामीण भागाच्या मूलभूत कायद्यात शेती अन्नापलीकडे जे देते, पूर थोपवणं, भूजल, निसर्ग, संस्कृती, त्याला स्पष्ट स्थान दिलं आहे. २००१ मध्ये तिथल्या विज्ञान परिषदेच्या अहवालाबरोबर या सगळ्याचं येनमध्ये मोलही काढलं गेलं. एकट्या पूरनियंत्रणाचं वर्षाला सुमारे साडेतीन लाख कोटी येन. ते मोल असं काढलं होतं की एवढं पाणी अडवायला धरणं बांधली असती तर किती खर्च आला असता. पण ती सगळी धरणं कुणी बांधलीच नसती. तेव्हा हा आकडाही माझ्या ७७८ सारखाच आहे, वर्ग ताठ बसवणारा. आणि जागतिक व्यापार संघटनेत हेच बांध, हेच पाणी पुढे करून आयातकर राखला गेला, हेही खरं.

आयातकरानं बांध राखला जात नाही. कर भाव चढवतो, आणि चढा भाव बांध सांभाळणाऱ्याला जितका मिळतो तितकाच बांध मोडून टाकणाऱ्यालाही मिळतो. तो भाव मोजतं कोण, तर दुकानात तांदूळ घेणारं गरीब कुटुंब, आपल्या कमाईच्या मानानं सर्वांत जास्त. मे २०२५ मध्ये जपानात पाच किलोची पिशवी ४,२०० येनच्या वर गेली, वर्षभरात दुप्पट. आपल्याला तांदूळ विकत घ्यावाच लागत नाही, असं बोलून बसलेल्या कृषिमंत्र्यांना त्याच महिन्यात पायउतार व्हावं लागलं आणि सरकारला राखीव साठा बाजारात ओतावा लागला. भात कमी पिकवा, असं जवळपास अर्धशतक सांगणाऱ्या धोरणाची ती किंमत होती. काझुहितो यामाशिता हे तिथले माजी कृषी अधिकारी वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की उत्पादन रोखू नका, भाव उतरू द्या, आणि शेतकऱ्याला द्यायचं ते थेट द्या. इथे माझं मत बदललेलं नाही. आयातकर आजही मला अन्याय वाटतो. पण ते सांगताना शेतकऱ्याची थट्टा करायची माझी हिंमत आता होत नाही.

पर्यावरणाच्या नावानं एकच उत्तर मिळतं, हीही माझी समजूत गेली. ह्योगो प्रांतातल्या तोयोओकात जपानमधला शेवटचा रानातला करकोचा १९७१ मध्ये मेला. सोव्हिएत युनियनमधून आणलेल्या पिल्लांपासून वंश वाढवून २००५ मध्ये पक्षी पुन्हा आकाशात सोडले. त्यांना खायला बेडूक हवेत, म्हणून तिथले शेतकरी औषधं कमी करतात आणि उन्हाळ्याच्या मध्यावर शेत वाळवण्याचा जो काळ असतो, तो बेडकाच्या पिल्लांना पाय फुटेपर्यंत पुढे ढकलतात. इकडे २०२३ पासून सरकारनंच, मिथेन कमी व्हावा म्हणून, हा वाळवण्याचा काळ आठवडाभर वाढवणाऱ्याला कार्बन क्रेडिट द्यायला सुरुवात केली. शेत ओलं ठेवलं तर करकोचा जगतो, वाळवलं तर हवा तापायची जरा थांबते. शेतकऱ्यानं काय करावं? हे मी आता वर्गात उत्तर न देता विचारतो. पूर्वी असा तास मला अपुरा वाटला असता.

व्यापाराबद्दलही एक गोष्ट कबूल करायची आहे. जपान अन्नसुरक्षा म्हणतो तो बहाणा आहे, असं मी म्हणायचो. उष्मांकाच्या हिशेबात तो देश आपल्या अन्नाचा ३८ टक्के भागच स्वतः पिकवतो. जून १९७३ मध्ये अमेरिकेनं सोयाबीनची निर्यात अचानक बंद केली आणि टोफू खाणारा जपान हादरला. १९९३ मध्ये थंड उन्हाळ्यानं भात बुडाला, पीक नेहमीच्या तीन चतुर्थांशाच्याही खाली गेलं, आणि सुमारे २५ लाख टन तांदूळ बाहेरून आणावा लागला. जागतिक बाजारात तांदळाचा भाव उसळला, आणि त्याची झळ तांदूळ विकत घेणाऱ्या गरीब देशांना बसली. विकणारा ऐन वेळी दार लावतो, ही भीती खोटी आहे हे मी कुठल्या तोंडानं सांगणार? ते दार आपणच लावतो. जुलै २०२३ मध्ये भारतानं बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, डिसेंबरात कांद्याची. निफाडमध्ये त्या बंदीनं माझ्याच भावाचा माल अंगणात पडून होता. आमच्या शेतकऱ्याला लुबाडणारा तो हुकूम जपानच्या भिंतीतली एक वीट पक्की करून गेला, हे मी आधी जोडून पाहिलंच नव्हतं.

वडिलांना हे सगळं सांगितलं. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ऐंशी उलटली, बिल्ला अजून कपाटात आहे. 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणत मोर्चात गेलेला माणूस. म्हणाले, 'मग आता तू सरकारकडून पैसे मागणार?' मी म्हटलं, अण्णा, बांधावरही घामच गाळतात. त्याचे दाम कोणता व्यापारी देणार? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, 'दाम असतील तर पावती हवी. कशाचे, किती, कुणाला. नाहीतर ती भीकच.'

ती पावती जपानात काही प्रमाणात आहे. २००० सालापासून डोंगराळ भागातल्या शेतीला सरकार थेट पैसे देतं. तीव्र उताराच्या भातशेताला दहा आरला २१,००० येन, म्हणजे आपल्या भाषेत दहा गुंठ्यांना. पण त्यासाठी वस्तीनं एकत्र करार करायचा असतो, पाच वर्षांचा: कोणती शेतं कसायची, चाऱ्या कुणी राखायच्या. शेत वाऱ्यावर सोडलं तर पैसे परत जातात. तांदूळ कितीला विकला याच्याशी त्याचा संबंध नाही.

मी हल्ली कोकणातल्या काही सहकाऱ्यांबरोबर तशा करारावर काम करतो आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत चढलं, तेव्हा वरच्या खोऱ्यातली कितीतरी खाचरं पडीक होती. बांध फुटलेले, उताराचं पाणी सरळ खाली. खाचरं राखली असती तर पूर आला नसता, असं मी म्हणणार नाही. एवढ्या पावसापुढे खाचर किती पुरणार, हे मोजायचंच काम आधी आहे. तिथल्या एका बाईंनी मला सांगितलं, 'लावणीला माणूस मिळत नाही, भात परवडत नाही, बांध कशाला घालू?' पूर्वी मी त्यांना काजू लावा म्हटलं असतं आणि पुढच्या गाडीनं परत आलो असतो. आता त्यांच्यासमोर कराराचा कच्चा मसुदा ठेवला. त्यांनी वाचला आणि सातबारा आणून दाखवला. त्यावर सतरा नावं आहेत. काही मयत, बरेच मुंबईला, दोघं कुठे आहेत कुणाला माहीत नाही. करारावर सही कुणाची घ्यायची आणि पैसे कुणाच्या खात्यावर टाकायचे, तिथे आमचं काम सध्या अडलेलं आहे. जमीन कुणाच्या नावावर आहे हे न पाहता बांध प्रत्यक्ष कोण घालतं त्यालाच ते द्यावेत, असं माझं म्हणणं आहे. महसूल खात्यातल्या मित्रांना ते पटत नाही.